ओढ्याच्या पायरीवरचे जुने डाग

आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, भिंतीवर माती टांगलेली आहे. कुंडीतली नव्हे. माणसाच्या उंचीची, वीतभर रुंद, लाकडी फळीवर सरसाने चिकटवलेली खरीखुरी माती. वरती काळपट तपकिरी, खाली पिवळसर, मध्ये करडा पट्टा आणि त्या पट्ट्यात गंजाचे तांबडे डाग. रोज सकाळी सोफ्याच्या पाठीवर तिची चिमूटभर पूड पडलेली असते आणि रोज सकाळी मी ती झटकते. येणारा-जाणारा मान वाकडी करून बघतो आणि विचारतो, "हे मॉडर्न आर्ट का?"

"नाही," मी सांगते, "ही एका सरकारी खात्याची अब्रू आहे. त्यांच्या भिंतीला पेलली नाही, म्हणून आमच्या भिंतीवर आहे."

फळी माझ्या धाकट्या जावेची. तिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवून सांगावं लागत असेल, कारण सगळं गाव तिला गिरमिट म्हणतं. गिरमिट म्हणजे भोक पाडायचं हत्यार. माती पाहणाऱ्यांचं गिरमिट माणसाएवढं उंच असतं, वर आडवी मूठ, खाली वळसेदार पातं. मूठ फिरवत राहायचं, पातं जमिनीत उतरतं, वर काढलं की खालच्या थराची माती त्यात अडकून येते. जाऊ माती-सर्वेक्षणाच्या कार्यालयात लागली तेव्हा बायकांनी टेबलाशी बसून नकाशे रंगवायचे आणि पुरुषांनी शिवारात भोकं पाडायची अशी तिथली वाटणी होती. हिने पहिल्याच महिन्यात भिंतीला टेकवलेलं गिरमिट उचललं आणि जीपमध्ये जाऊन बसली. चिडवायला म्हणून कुणीतरी नाव ठेवलं. हिने ते नवीन साडी मिरवावी तसं मिरवलं, मग चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली.

घरात हे प्रकरण सोपं नव्हतं, हे मी आत्ताच सांगून टाकते. पाहुण्यांच्या बुटांना लागलेला चिखल ही बाई नखाने खरवडायची, थुंकी लावून बोटांत मळायची, त्याची लांब पट्टी निघते का बघायची आणि पाहुण्याला सांगायची, "तुम्ही पुलावरून नाही आलात, ओढ्यातून आलात." एकदा आमचे हे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले म्हणून गाल धरून बसले होते. हिने त्यांचे बूट उचलले. चिमूटभर माती जिभेवर ठेवून समोरच्या दातांनी चावली. होय, चावली. वाळू दातांत कचकचते, चिकणमाती लोण्यासारखी लागते आणि या दोन्हींच्या मधला, ओढ्याकाठी सापडणारा पोयटा नुसता बारीक किरकिरतो. माती पाहणाऱ्यांची ही रीतच आहे.

"भाऊजी, डॉक्टरांचा दवाखाना ओढ्याच्या काठावर हलवला का?" तिने विचारलं. "मासे किती मिळाले?"

एकही मिळाला नव्हता. त्यांनी गालावरचा हात काढला आणि माझा दीर, म्हणजे हिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करता करता इतका हसला की त्याच्या डोळ्यावरचं भिंग निसटून चहात पडलं.

तर अशी ही बाई. तिच्या आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि ती चूक कबूल करायला तिला जेवढे कष्ट पडले तेवढे लोकांना चुका लपवायला पडत नाहीत. मला अजूनही त्याचा संताप येतो. तिला येत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

गावाच्या वरच्या अंगाला ओढा आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काठापासून जरा उंचावर सपाट पट्टे आहेत, जिन्याच्या रुंद पायऱ्यांसारखे. पुस्तकात त्यांना वेदिका म्हणतात. लोक पायरी म्हणतात, मीही तेच म्हणेन. फार पूर्वी ओढा त्या उंचीवरून वाहायचा. पूर आला की पसरायचा, ओसरला की पिठासारखा बारीक पोयटा मागे ठेवून जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मग ओढ्याने आपला तळ खोल कापला, तो खाली गेला, पायरी वर राहिली. आता पुराचं पाणी तिथे पोचत नाही. जमीन मात्र अशी की गिरमिट पूर्ण आत गेलं तरी दगड लागत नाही. ओली असताना हाताला साबणासारखी गुळगुळीत, वाळली की पावडरसारखी. पाणी धरून ठेवते, पण साचू देत नाही. मुळांना खाली जायला मोकळी वाट. जाऊ म्हणते, "जाऊबाई, मातीत श्रीमंत आणि गरीब असं असेल, तर ही चार पिढ्यांची श्रीमंत. आणि अजिबात तोरा नाही."

हे तिला आज कळतं. नोकरीच्या सुरुवातीला कळलं नव्हतं.

तेव्हा तिने खालून पहिल्या पायरीवर खड्डा घेतला. गुडघ्याच्या खोलीवर करडा थर लागला, त्यात गंजाचे डाग. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलंय, म्हणून हे दोन वाक्यांत सांगू शकते. माती दीर्घकाळ पाण्यात बुडालेली राहिली की तिच्यातलं लोह विरघळतं, माती करडी पडते. पाणी उतरताना हवा शिरते तिथे लोह पुन्हा गंजतं आणि तांबडे डाग राहतात. त्यामुळे त्यांच्या नियमपुस्तकात साधा नियम होता: एवढ्या खोलीच्या आत करड्यावर तांबडे डाग दिसले, तर इथे पाणी साचतं असं लिहा. हिने नियमाप्रमाणे लिहिलं. निचरा वाईट. पाणथळ. लागवडीस अयोग्य. त्याच ओढ्याच्या वरच्या तीन पायऱ्यांवरही तेच डाग दिसले, तिथेही तेच लिहिलं. नकाशा छापून आला, चारही पायऱ्या जांभळ्या.

आता गंमत अशी की डाग खोटे नव्हते. जुने होते. ओढा वरून वाहायचा तेव्हाचे. पाणी केव्हाच गेलं होतं, डाग राहिले होते.

"छप्पर गळून भिंतीवर ओल येते ना?" तिने मला समजावलं होतं. "छप्पर दुरुस्त केलं तरी डाग तसाच राहतो. मी डाग बघितला आणि छप्पर गळतंय असं लिहून मोकळी झाले. वर बघितलंच नाही."

तिने वर बघितलं ते बऱ्याच वर्षांनी. वादळात पायरीवरचं एक जुनं झाड मुळांसकट आडवं झालं, आणि ही त्या वाटेने चालली होती. झाडाची जाड, जिवंत मुळं त्या करड्या थराच्या आरपार खाली गेलेली होती. साचलेल्या पाण्यात झाड असा पाय सोडत नाही. ती त्या खळग्यात उतरून बसली. परत आली तेव्हा लुगड्याला, केसांना, कानालासुद्धा माती होती आणि चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"माझं चुकलंय," ती म्हणाली. "चार ठिकाणी."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "छापलेला नकाशा आहे, बाई." नुसतं एवढंच. जणू काही छापलं की पाणी आपोआप येऊन साचेल. ती दरवर्षी सांगत राहिली, साहेब दरवर्षी बदलत राहिले, वाक्य बदललं नाही. नकाशा कुणी वाचत नव्हतं म्हणून कुणाचं बिघडतही नव्हतं. पहिल्या पायरीवर एक बाई वाफ्यांवर रोपवाटिका चालवायची. आम्ही तिला रोपवाली म्हणतो. भाज्यांची, फुलांची, फळझाडांची रोपं तयार करायची आणि सगळ्या पंचक्रोशीला पुरवायची. सरकारच्या नकाशाप्रमाणे तिच्या जमिनीत काही उगवतच नव्हतं. तिला ते माहीत नव्हतं, म्हणून उगवत होतं.

मग शहराला कचरा टाकायला जागा हवी झाली. कुठल्याशा वातानुकूलित खोलीत कुणीतरी नकाशा पसरला आणि जांभळ्या रंगावर बोट ठेवलं. पाणथळ, अयोग्य, रस्त्यालगत. झालं. रोपवालीच्या कुंपणावर नोटीस लागली.

ती नोटीस घेऊन रोपवाली आमच्या घरी आली आणि जाऊ तिला काय म्हणाली असेल? दुसरी कुणी म्हणाली असती, बघू, प्रयत्न करू. ही म्हणाली, "हे माझ्यामुळे झालंय."

रोपवालीने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"तुमच्या जमिनीत पाणी साचतं, असं मी लिहिलंय."

"माझ्या जमिनीत? बाई, माझं अर्धं आयुष्य त्या जमिनीला पाणी पाजण्यात गेलं!"

"मला माहीत आहे. आता माहीत आहे."

"मग पुसा की ते!"

पुसा की. किती साधं. रोपवाली शहाणी बाई, पण तिला कार्यालयं माहीत नव्हती.

त्या वेळचे साहेब म्हणजे सगळ्यांत गोड. त्यांच्या खोलीत मी स्वतः बसले आहे, जावेबरोबर हट्टाने गेले होते. टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या सत्कारांचे फोटो, खिडकीत प्लास्टिकचं झाड. माती-सर्वेक्षणाच्या मुख्य माणसाच्या खिडकीत प्लास्टिकचं झाड! मी तेव्हाच ओळखलं होतं.

साहेबांनी आम्हाला चहा दिला आणि मार्गही काढून दिला. "बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. आपण शुद्धिपत्रक काढू. छपाईत रंगाची चूक झाली, पहिली पायरी जांभळ्याऐवजी हिरवी वाचावी. आठवड्यात काम. तुमच्यावर काही नाही, खात्यावर काही नाही. करा सही."

मला तर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी तिला कोपराने ढोसलंही.

"आणि वरच्या तीन पायऱ्या?" जावेने विचारलं.

"त्यांचं काय?"

"तिथेही तीच चूक आहे."

"एका नकाशात छापखाना चार ठिकाणी कसा चुकेल? लोक हसतील. त्या राहू द्या."

"मग कचरा कुठे जाणार?"

साहेबांनी कपाच्या काठावर चमचा हळूच ठेवला. "तो आपला विषय नाही."

"दुसऱ्या पायरीवर जाणार," जाऊ म्हणाली. "नकाशात तीही पाणथळ आहे. साहेब, चूक छापखान्याची नाही. चूक माझी आहे आणि ती कशी झाली ते लिहायला हवं. नाहीतर उद्या दुसऱ्या ओढ्यावर दुसरं कुणी तेच डाग बघून तेच लिहील."

"बाई," साहेबांचा आवाज आणखी गोड झाला, "तुम्ही लवकरच निवृत्त होताय. चौकशी लागली तर निरोप समारंभसुद्धा करता येणार नाही आम्हाला."

धमकी तरी कशाची द्यावी माणसाने! हार आणि नारळाची! जाऊ हसली. मला हसू आलं नाही. मी त्यांना विचारलं, "तुमचं ते झाड कुठल्या मातीत येतं हो?" तर म्हणाले, "धुता येतं, छान असतं."

घरी मात्र रणकंदन झालं. रोपवाली आली, तिला कळलं की सही केली तर तिची जमीन आठवड्यात सुटते आणि ही सही करत नाही. तिने घर डोक्यावर घेतलं. तिचं काय चुकलं?

"तुमच्या खरेपणापायी माझे वाफे कचऱ्याखाली जातील! आधी चूक तुमची, वर हट्टही तुमचाच?"

"वरच्या पायऱ्यांवरही माणसंच शेती करतात," जाऊ म्हणाली.

"ती आली का तुमच्या दारात? मी आलेय ना?"

"म्हणूनच. त्यांना नोटीस येईल तेव्हा मी कार्यालयात नसेन."

मीही रोपवालीच्या बाजूने होते. तोंडावर सांगितलं, "अगं, हिचं तरी वाचव आधी. बाकीचं मग भांडू." माझा दीर, जो वर्षातून चारदा तोंड उघडतो, त्याने भिंग कपाळावर सरकवलं. "वहिनी, घड्याळ मागे पडत असलं की दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक म्हणतं, काटे तेवढे पुढे करून द्या. दुसरं म्हणतं, आत काय झालंय बघा. काटे पुढे करून नेलेलं घड्याळ आठवड्यात परत येतं." आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागला. मी रागाने त्याच्यासमोरचा अर्धा चहा उचलून नेला.

जावेने सही केली नाही. तिने शहराच्या त्या कचरा समितीकडे थेट अर्ज केला की येऊन जमीन बघा, आणि पावसाळ्यातच बघा. कोरड्या दिवसांत कुठलीही जमीन कोरडीच दिसते, मग पाणी साचतं की नाही ते सिद्ध कसं होणार? समितीला उन्हाळा सोयीचा होता. बुटांचा प्रश्न होता ना. एकदा गाडी नाही, एकदा अध्यक्षांची कंबर, एकदा "फार पाऊस आहे" असं कारण. पाणी साचतं का हे बघायला बोलावलं, तर पाऊस आहे म्हणून येत नाहीत! मी समितीच्या कार्यालयात फोन करून हे वाक्य त्यांनाच वाचून दाखवलं. पलीकडचा कारकून म्हणाला, "आजी, मी फक्त फोन उचलतो." मी म्हटलं, "मग नीट उचला."

शेवटी आले. अध्यक्ष म्हणजे धरणांवर काम केलेले एक रुक्ष, कंबरेला पट्टा बांधलेले इंजिनिअर. बरोबर साहेब, छत्रीखाली, गोड. रोपवाली वाफ्यांच्या टोकाला हाताची घडी घालून उभी होती. ती जावेशी बोलत नव्हती. मी दिराचे गमबूट घालून चिखलात.

जावेने आधीच खड्डा घेऊन ठेवला होता. आणि खड्ड्यात काय होतं? पाणी. गढूळ, घोट्याच्या वर.

साहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अरेरे. बाई, हे तर तळंच झालंय की!"

अध्यक्षांनी वाकून बघितलं. रोपवालीने कपाळाला हात लावला.

"साहेब," जाऊ म्हणाली, "छप्पर नसलेल्या खोलीत पाऊस पडला तर खोलीला झरे फुटले म्हणाल का? सकाळपासून या खड्ड्यात मीच खालीवर करतेय. बुटांनी तळ लिंपला गेलाय आणि वरून आभाळ उघडं आहे. हे पावसाचं पाणी आहे. जमिनीचं बघायचं तर इकडे या."

थोड्या अंतरावर जमिनीतून प्लास्टिकची नळी वर आलेली होती, तिला घट्ट झाकण. अशा नळ्या तिने चारही पायऱ्यांवर पावसाळ्याच्या आधी पुरल्या होत्या. नळीला खाली भोकं असतात. आजूबाजूच्या जमिनीत पाणी वर चढलं तर ते नळीत येतं, आणि झाकण असल्यामुळे पाऊस आत जात नाही. तिने झाकण काढलं आणि दोरीला बांधलेलं शिसं अध्यक्षांच्या हातात दिलं. "तुम्हीच सोडा."

त्यांनी सोडलं. शिसं करड्या थराच्या खोलीला गेलं, त्याच्या खूप खाली गेलं, आणि तळाला कोरडं टपकन वाजलं. त्यांनी दोरी वर ओढली, बोटांनी चाचपली. कोरडी. एवढ्या पावसात.

"नळी बुजली असेल," साहेब म्हणाले.

याचीच ती वाट बघत होती. तिने खड्ड्याच्या भिंतीतून, पाण्याच्या वरून, करड्या थराचं ताजं ढेकूळ काढलं, मोडलं आणि मोडलेल्या अंगावर एका बाटलीतून थेंब टाकले. हे औषध मला ओळखीचं. मातीतलं लोह या घटकेला पाण्यात बुडून विरघळलेलं असेल, तर ते क्षणात लालबुंद होतं. जुन्या गंजाला ते विचारत नाही. आम्ही सगळे त्या ढेकळावर वाकलो. थेंब पाण्यासारखा राहिला.

"औषध जुनं असेल," साहेब.

"असेल," जाऊ म्हणाली, आणि कुणाला काही कळायच्या आत उतारावरून घसरत खाली ओढ्याच्या काठाला गेली. तिथून चिखलाचं ढेकूळ उचलून आणलं. अध्यक्षांच्या समोर मोडलं. थेंब टाकला. बोट कापल्यासारखा लाल झाला.

मग रोपवाली म्हणाली, "साहेब, आता चिखल जुना असेल."

अध्यक्ष हसले, म्हणजे त्यांची मिशी हलली. त्यांनी नकाशा उघडला. "मग हे पाणथळ कोणी लिहिलं?"

साहेब पुढे झाले. "त्याचं असं आहे सर, छपाईत—"

"मी लिहिलं," जाऊ म्हणाली.

"का?"

"डाग बघितले, ओढ्याची उंची बघितली नाही. ओढा खाली गेलाय, डाग त्याच्या आधीचे आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवरही माझीच चूक आहे. तिथल्याही नळ्या कोरड्या आहेत. चला, दाखवते."

अध्यक्षांनी कंबरेवर हात ठेवला आणि ते चढावर निघाले. त्या दिवशी त्यांनी चारही नळ्यांत स्वतः शिसं सोडलं. साहेब दुसऱ्या पायरीनंतर गाडीत जाऊन बसले.

कचरा चारही पायऱ्यांवरून टळला. शहराने पुढे जुन्या खाणीच्या खडकाळ जागेत तो नेला, आणि ते आधीच सुचायला हवं होतं. चारही पायऱ्यांचं वर्गीकरण नव्याने झालं: खोल, पोयट्याची, उत्तम निचऱ्याची, पहिल्या प्रतीची. रोपवालीने त्यानंतर कितीतरी दिवस जावेशी धड संवाद केला नाही, पण आमच्या दाराशी दर आठवड्याला रोपांचा ट्रे येऊन पडायचा. भांडणही नाही आणि माफीही नाही, नुसती वांग्याची रोपं.

खात्याने मात्र सूड उगवला, आणि तोही किती पोरकट! पत्रकात छापलं: "आधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने झालेल्या फेरपाहणीत". आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे प्लास्टिकची नळी आणि दोरीला बांधलेलं शिसं. चूक झाली होती, कशी झाली होती, याचा एक शब्द नाही. नियमपुस्तकातला नियम जसाच्या तसा. जाऊ ज्यासाठी रोपवालीच्या शिव्या खाऊन उभी राहिली होती, तेवढंच त्यांनी गाळलं.

तेव्हा तिने ही फळी केली. त्यांच्यात मातीचा उभा काप काढायची पद्धत आहे. खड्ड्याच्या भिंतीला फळी चिकटवायची आणि मागून कापत कापत सगळे थर जसेच्या तसे सोडवून आणायचे. काम इतकं नाजूक की एक शिंक आली तर सगळी मेहनत फुकट. तिने निवृत्तीच्या आधीचे शेवटचे आठवडे त्यात घातले, आणि कार्यालयाच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर, नवीन आलेल्या प्रत्येकाला दिसेल अशी, ती टांगली. खाली स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "करड्या थरातले डाग जुने आहेत. मी ते आजच्या पाण्याचे समजून ही जमीन पाणथळ लिहिली. ओढ्याच्या पायरीवर डाग दिसले तर आधी ओढा किती खाली आहे ते बघा, नळी पुरा, मग लिहा." खाली नाव. संपूर्ण नाव, गिरमिट नव्हे.

साहेब म्हणाले, फळी राहू द्या, पाटी काढा. खात्याची बदनामी होते.

ती म्हणाली, पाटी निघाली तर फळी नुसती माती आहे.

निरोप समारंभ झाला नाही. त्या दुपारी ती हातगाडीवर फळी घेऊन घरी आली, हातगाडीवाला पुढे, ही मागून फळीला हात लावून, वरून चादर पांघरलेली. शेजाऱ्यांना वाटलं आमच्या घरी कुणाला तरी आजारी आणलंय. बैठकीच्या खोलीत एवढी उंच मोकळी भिंत एकच, सोफ्यामागची. माझ्या लग्नातला फोटो उतरवला.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण आता काय होतं ते ऐका. दरवर्षी खात्यात नवी भरती होते. आणि दरवर्षी त्या नव्या लोकांना कुणीतरी, नक्की कोण ते कुणी सांगत नाही, आमच्या घरचा पत्ता देतं. साहेब बदलले, प्लास्टिकचं झाड तिथेच आहे, फळीला तिथे जागा नाही, पण शिकायला माणसं इकडे पाठवायची! चपला दारात काढून ती सगळी आत येतात, माझ्या सोफ्यावर दाटीवाटीने बसतात, माझा चहा पितात. जाऊ पाटी उलटी करून ठेवते. मग विचारते, "हं. निचरा कसा आहे?"

ते उठतात, जवळ जातात, करड्या थरावर बोट ठेवतात. सगळे हुशार, पदव्या घेतलेले. एकमेकांकडे बघतात आणि एका सुरात सांगतात, "वाईट. पाणी साचतं."

दरवर्षी. एकही चुकायचा राहत नाही. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "तुमच्या पुस्तकात अजून तेच लिहिलंय ना? लाज कशी वाटत नाही त्यांना!"

जाऊ मात्र खुलते. ती सोफ्याच्या कडेला बसते, पाटी सुलट करते आणि म्हणते, "बसा. मीही अगदी हेच लिहिलं होतं."

ते बसतात. पाटी वाचतात, खालचं नाव वाचतात. ज्यांनी माझा फोटो उतरवायला लावला त्यांच्या पुस्तकात जे लिहिलेलं नाही, ते त्यांना माझ्या सोफ्यावर कळतं. ते गेल्यावर मी उशा झटकते. सगळीकडे पोयट्याची पूड, पिठासारखी, कितीही पुसली तरी बोटाला लागते.

"अगं, ही फळी एक दिवस पूर्ण गळून जाईल," मी तिला परवा म्हटलं.

"जाऊ दे की जाऊबाई," ती म्हणाली. "पायरीवर खूप आहे. पुन्हा काप काढू."